ओल्फिनाने न संपवलेली कादंबरी

पडदा वर जातो तेव्हा समोर अख्खा समुद्र पसरलेला दिसतो, आणि ओल्फिना त्याच्याकडे पाठ करून बसलेली असते. पडवीत निळी प्लॅस्टिकची खुर्ची, पायाशी वाळत घातलेली जायफळं, मांडीवर जाड कादंबरी. डावीकडून चार माणसं बांबू घेऊन येतात आणि अंगणात धाडकन टाकतात. बांबू कशासाठी, हे सांगिर बेटावर कुणाला विचारावं लागत नाही. माणूस गेला की दारात मांडव पडतो, चर्चची मंडळी जमते, सांत्वनाची प्रार्थना होते. त्या प्रार्थनेनंतर घरातली बाई विधवा.

"कोणी सांगितलं इथे टाकायला?" ओल्फिनाने विचारलं.

"नुसते ठेवतोय, पोरी," मंडळीतले वडीलधारे, सगळ्यांचे ओम म्हणजे काका, हेर्मानस म्हणाले. "तू हो म्हणशील तेव्हाच बांधू."

"मग तुमच्या अंगणात ठेवा ना, ओम. तिथे जागा काय कमी आहे?"

ओल्फिनाचा नवरा युस्तस रोम्पोंगवर राखणदार होता. भर समुद्रात दोराने बांधलेला बांबूचा तराफा, वर झोपडी, खाली गोळा होणारे मासे. मालकाची बोट मासे न्यायला यायची आणि तांदूळ, पाणी देऊन जायची. एका वादळानंतर बोट गेली, तर तिथे तुटलेला दोर तेवढा होता. शोध झाला, थांबला, वाऱ्याची दिशाही बदलली. आता लोकांना वाटत होतं की तो गेला हे ओल्फिनाने मान्य करावं.

ती मान्य करणाऱ्यातली नव्हतीच. तरुणपणी चर्चच्या गायनात तिचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा. शिकवणारे म्हणायचे, जरा खाली घे. ती म्हणायची, बाकीच्यांनी वर यावं. युस्तसशी लग्नाला आईने नको म्हटलं, तेव्हा पुढच्याच रविवारी तिने चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं पुकारून घेतली.

कादंबरी दिली होती नव्या पाद्रीबाईंनी. त्या ओल्फिनाला लेक शोभतील अशा वयाच्या. "यातलाही माणूस तराफ्यासकट समुद्रात वाहून जातो," त्या म्हणाल्या. "देवावरच्या विश्वासाने तगतो. वाचा, बळ येईल."

बळ आलंही. खालून पाणी आपटतं आणि झोपडीच्या फळ्या कण्हतात, असं एक पान होतं. ते वाचून ओल्फिना पहिल्यांदा रडली. पावसाचं पाणी शर्टातून पिळून पिण्याचं वर्णन तर तिने शेजारच्या सार्चेला मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी आवाज चढवून, उतरवून. पण पुढे पुढे तो माणूस दर दोन पानांनी गुडघे टेकायला लागला. आणि घरी त्याची बायको! पांढरे कपडे, खिडकीत मेणबत्ती, ओठांवर सदा स्तोत्र.

"ही बया स्वयंपाक करते कधी?" ओल्फिना म्हणाली.

"पुस्तकातल्या बायकांना भूक लागत नाही," सार्चे म्हणाली.

दोघी पोट धरून हसल्या. पण सार्चे गेल्यावर हसू टिकलं नाही. पुस्तकात त्या बायकोच्या विश्वासावर नवरा तरत होता. ओल्फिना प्रार्थनेला बसली की दोन वाक्यांत देवाला फैलावर घ्यायला लागायची. आपला विश्वास कमी पडला म्हणून युस्तस आला नाही तर? हा काटा तिने कुणाला दाखवला नाही. ओम हेर्मानसना एवढंच सांगितलं, "पुस्तक संपू दे, मग मांडवाचं बोलू."

आणि मग ती हळूहळू वाचायला लागली. आधी पान, मग अर्धं पान, मग चार ओळी.

"खूण कालही इथेच होती," ओम हेर्मानस म्हणाले.

"अक्षर बारीक आहे, ओम."

"माझ्या भाचीने वाचलंय," सार्चे म्हणाली. "सांगू का शेवट?"

"तोंड उघडलंस तर मिरच्या कोंबीन त्यात."

शेवटी एका दुपारी तिने पाद्रीबाईंसमोर पुस्तक ठेवलं. "हे घ्या. मला त्या बाईसारखं जमत नाही. मी देवावर ओरडते."

पाद्रीबाईंनी पुस्तक उचललं नाही. "मीही मध्यावरच सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "लिहिलंय चांगलं. पण माझे वडील समुद्रात गेले तेव्हा आई कपडे बडवून बडवून फाडायची. पुस्तकातली बाई असं काही करत नाही."

"वडील आले?"

"नाही."

पाद्रीबाई म्हणाल्या, "आईचा विश्वास कमी पडला म्हणून नाही हो. वादळ मोठं होतं म्हणून."

ओल्फिनाने एवढा लांब श्वास सोडला की खुर्ची करकरली. तशीच उठून ती ओम हेर्मानसच्या दारात गेली. म्हणाली, "मांडव नको. पुस्तक संपलं तरी नको. मला वाटेल तेव्हा मी सांगेन, आणि कदाचित कधीच सांगणार नाही." ओम हेर्मानसनी तिच्याकडे बघितलं आणि स्वतः येऊन अंगणातले बांबू बाजूला, भिंतीला लावून ठेवले. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

युस्तस सापडल्याचा फोन आला तो गावप्रमुखाकडे, फिलिपिन्सच्या एका बंदरातून. एका मालवाहू जहाजाने त्याला उचललं होतं. बातमी सांगायला सार्चे धावत आली, आणि धाप लागून तिला काही बोलताच येईना. ओल्फिनाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मटकन जायफळांवरच बसली.

तो आला तेव्हा अर्धा उरला होता. आभाराच्या जेवणात डुक्कर होतं, कोंबडी होती; मासा कुणी आणलाच नाही. पाहुणे पांगल्यावर त्याने कादंबरी उचलली, ओठ हलवत थोडी वाचली आणि म्हणाला, "हा देवाशी फारच बोलतो."

"तू नाही बोललास?"

"बोललो की, सुरुवातीला. तो काही बोलेना. मग तुझ्याशी भांडायला लागलो. रोज."

"कशावरून?"

"मागच्या पत्र्यावरून. तू म्हणायचीस, आधी गळका पत्रा बदल, मग रोम्पोंगवर जा. मी म्हणायचो, आल्यावर बघू."

ओल्फिनाने त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. मग बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली,

"मी बरोबरच म्हणत होते. ऊठ, शिडी आण."