आईची जागा, माझी खुर्ची

घरी नेट सारखं जातं म्हणून मी डहाणूत बाजारासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर महिन्याच्या भाड्यानं खुर्ची घेतली. ‘को-वर्किंग’ असं त्याचं झोकदार नाव. एसी आहे, कॉफी आहे, लांबलचक काचेची खिडकी आहे. फक्त आपली म्हणून जागा नाही. जो आधी येईल त्यानं हवं तिथं बसायचं, आणि संध्याकाळी आपला पसारा आवरून निघायचं. गावी, चिखल्यात रिक्षा भरेपर्यंत मला उशीर व्हायचा, मग उरेल ती खुर्ची माझी.

खाली मासळीबाजारात आई बसायची. नळाजवळची तिची जागा तिच्या सासूकडून आलेली. आमच्या बाजारात जागेवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण एखादी चार दिवस आजारी पडली तरी तिच्या जागेवर दुसरी कोणी पाटी टेकवत नाही. जुन्या लुगड्याची चिंधी तिथं बांधून ठेवली की झालं.

पहिल्याच दिवशी आई बोंबील संपवून वर आली. खिडकीजवळची एक खुर्ची तिला पसंत पडली. कमरेला खोचलेली चिंधी काढून तिनं खुर्चीच्या हाताला घट्ट गाठ मारली. “आता कोणी बसायचा नाय,” म्हणाली आणि तरातरा जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मॅडमनी ती चिंधी दोन बोटांत धरून विचारलं, “हे कोणाचंय?” चिंधीला मासळीचा वास येत होता. मी म्हटलं, “माहीत नाही.” अजून आठवलं की स्वतःचाच राग येतो. घरी आईनं विचारलं, “जागा राहिली ना गं?” मी म्हटलं, “हो, माझीच आहे ती आता.” पुढे ती अधूनमधून हेच विचारायची आणि मीही न चुकता तेच सांगायचे.

आई गेली त्याला वर्ष झालं. वर्षभर बायकांनी तिची जागा रिकामी ठेवली. तशी रीतच आहे. एवढ्या गजबजाटात वरून मला तेवढी फरशीच दिसायची. “केम बेन” म्हणत गुजराती गिऱ्हाइकाला गुंडाळणारा तिचा आवाज एकदा तरी ऐकू यावा, असं फार वाटायचं. खिडकी तर उघडतही नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर तिच्या शेजारी बसणाऱ्या मावशींनी मला खाली बोलावलं. “बाय, तू बसतेस का जागेवर? नाय तर एकीची सून विचारते.” मला मासा धड कापताही येत नाही. मी नाही म्हणायलाच गेले होते. मावशी जरा सरकल्या. “आधी बस तर.”

जन्मात पहिल्यांदा मी तिथं बसले. मान वर केली तर आमची अख्खी खिडकी समोर. कोण कुठल्या खुर्चीत बसलंय, सगळं स्वच्छ दिसत होतं.

“रोज बघायची,” मावशी म्हणाल्या. “म्हणायची, आज माझी पोर त्या टोकाला, आज मधे. तू खांबाआड असलीस की तिचं धंद्यात लक्षच लागायचं नाय.”

म्हणजे ती खुर्ची माझी नाही, हे आईला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, “मावशी, जागा त्या सुनेला द्या. पण उद्यापासून. आज मला बसू दे.”