यासीनच्या वाट्याचं अर्धं पुस्तक

यासीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका वाळूवाल्याशी भांडत होतो. मुलगा म्हणाला, नसीमचा फोन आहे. मी हातानेच थांब म्हटलं. समोरचा माणूस नरमत आला होता आणि अशा वेळी मध्ये कुणी बोललेलं मला चालत नाही. पाच मिनिटांनी फोन घेतला तर यासीनची ही मुलगी शांतपणे म्हणाली, "मारुतीकाका, अब्बा सकाळी गेले. असरच्या नमाजनंतर नेणार आहेत." मी वाळूवाल्याला जा म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, हा माझा नवा डाव. तो जिन्यापर्यंत गेला, परत आला आणि मी सांगितलेल्या दराला कबूल झाला. हे यासीनला सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता... पण सांगायला तोच नव्हता. संध्याकाळी मी कबरस्तानात गेलो, सगळ्यांबरोबर तीन मुठी माती दिली आणि घरी आलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असा रिवाज आहे. चांगलं पुष्कळ आहे, ते येईलच. पण माझी यासीनवर एक तक्रार होती. साठ वर्षं मी ती जपली, आणि ती बाजूला ठेवून लिहायचं तर हा लेख दुसऱ्या कुणाला तरी सांगावा लागेल.

यासीनच्या वडिलांचं कासारवाडीत, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझे आईवडील साताऱ्याकडून पोट भरायला आलेले. पिंपळे गुरवच्या नदीकाठी दुसऱ्याच्या वीटभट्टीवर ते राबत आणि आम्ही भट्टीशेजारीच राहत असू. पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं, पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या होत्या आणि विटेला मागणी होती. मॅट्रिक होऊन पुण्याच्या कॉलेजात फर्स्ट इयर आर्ट्सला नाव घातलेले आमच्या बाजूचे आम्ही दोघेच. माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकदाच बस परीक्षेला. न्हाई जमलं तर हितं माती तुडवायला ये." बाकीच्या विषयांची मला भीती नव्हती. इंग्रजीची होती.

त्या वर्षी इंग्रजीला नवं पुस्तक लागलं. प्रती मिळेनात, लायब्ररीतली प्रत कायम कुणाच्या तरी घरी. दोनदा खेटे घालून आम्हाला दोघांत मिळून एक प्रत मिळाली. पुढच्या भागात सात गोष्टी. मागच्या भागात निबंध, एक प्रवासवर्णन, एका खाणीचा वृत्तान्त आणि सगळ्यात शेवटी साहित्यातल्या संज्ञांची यादी: प्लॉट, थीम, आयरनी, क्लायमॅक्स असलं सगळं. परीक्षेला दोन महिने उरले होते. पुस्तक आळीपाळीने वाचण्यात वेळ जाईल म्हणून मी तोडगा काढला. पुस्तक मधोमध कापायचं. गोष्टी मी करीन, बाकीचं त्याने करावं, आणि ज्याने त्याने आपला वाटा दुसऱ्याला शिकवावा.

यासीन म्हणाला, "तुझा प्रकार एक आणि माझे चार झाले की."

"गोष्टी सात आहेत," मी म्हणालो. "मोज."

"बरं," तो म्हणाला.

हे त्याचं 'बरं' मला कधी मानवलं नाही. घासाघीस न करता माणूस कबूल झाला की आपणच कुठेतरी फसलो असं मला वाटत राहतं. गोष्टी सोप्या, निबंध रुक्ष, संज्ञा तर डोक्यावरून जाणाऱ्या. मी मोठा वाटा मारला होता आणि तरी समाधान नव्हतं. त्याच रागात मी त्याच्या वडिलांची रबर कापायची सुरी उचलली. तो म्हणाला, "थांब, आधी दोन्हीकडून पान बघून घे." मी म्हणालो, "बघितलंय." निबंधांचा मथळा मोठ्या अक्षरांत जिथे दिसला, त्याच्या अलीकडे मी सुरी घातली. कापलं मात्र सुरेख. त्या वर्षभरात मी तेवढं एकच काम सफाईने केलं असेल.

रोज सकाळी पुण्याला जाताना गाडीत आणि रविवारी नदीकाठी आमची उजळणी चाले. यासीनने आपला वाटा चोख दिला, हे मला पहिल्यापासून मान्य आहे. एक निबंध होता, कुणा साहेबाने आपल्या जुन्या छत्रीवर लिहिलेला. मी विचारलं, "यात घडतं काय?"

"काही घडत नाही. माणूस बसून विचार करतो."

"मग छापलं कशाला?"

"तू भट्टीवर बसून दिवसभर लोकांना शिव्या घालतोस, तेही कुणी छापलं तर वाचतील लोक. तुझ्या शिव्यांत तू दिसतोस. तसा यात तो दिसतो."

हे कॉलेजातल्या प्राध्यापकांनी तासभर सांगितलेलं मला कळलं नव्हतं. आयरनीला तर मी दोन रविवार खाल्ले. शेवटी एका सकाळी गाडीत तो म्हणाला, "स्टेशनमास्तरचीच गाडी चुकली, तर ती आयरनी."

"आणि माझी वीट माझ्याच पायावर पडली तर?"

"तो अपघात."

"आणि वीट पडत असताना मी दुसऱ्याला संभाळून चाल म्हणून ओरडत असलो तर?"

"आता जमलं, राव!" म्हणून त्याने माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की समोरच्या बाकावरची बाई दचकली.

माझ्या बाजूनेही सहा गोष्टी नीट झाल्या. सातवी एका म्हाताऱ्याची होती. तो आपला घोडा विकायला जत्रेत नेतो. गिऱ्हाईक मिळत नाही. दिवस कलताना एक सज्जन माणूस येतो, घोड्याच्या अंगावरून हात फिरवतो आणि विचारतो, याच्यात काही खोट आहे का? म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि... तिथे माझं अर्धं पुस्तक संपत होतं. मी उलटसुलट करून पाहिलं. गोष्टीचं शेवटचं पान आणि निबंधांचा मथळा एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापलेले होते आणि तो कागद यासीनच्या वाट्याला गेला होता.

त्याच्याकडे मागितला असता तर मिळाला असता. पण 'बघितलंय' म्हणून मीच मिजास दाखवली होती. शिवाय मला वाटलं, यात बघायचं काय आहे? जत्रेत माल घेऊन उभा राहिलेला माणूस 'खोट आहे का' या प्रश्नाला काय उत्तर देणार? तो 'नाही' म्हणतो, घोडा विकला जातो आणि म्हातारा घरी पोचेपर्यंत हसत राहतो. मी जे रोज बघत होतो, त्यावरून हा शेवट सरळ होता. पुढच्या रविवारी मी तो यासीनला रंगवून सांगितला. म्हाताऱ्याचं हसू मी स्वतः हसून दाखवलं.

यासीन नदीकडे बघत होता. म्हणाला, "असं आहे का शेवटी?"

"असंच आहे."

"पानावर?"

"मग काय माझ्या डोक्यात?"

"बरं."

त्यानंतर दोनदा तो म्हणाला, एक दिवस आपण अर्धी बदलू या का. मला वाटलं, याला आता निबंधांचा कंटाळा आला आणि हा आयत्या गोष्टी मागतोय. मी म्हणालो, ठरलं ते ठरलं. परीक्षेच्या आदल्या रविवारी तो नदी ओलांडून भट्टीवर आला. मी नुकताच मुकादमाशी भांडून बसलो होतो, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. यासीन म्हणाला, "मारुती, त्या सातव्या गोष्टीचं जरा..." आणि त्याचा हात खिशाकडे गेला. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हणालो, "गोष्टी माझ्या वाट्याच्या आहेत. सायकलवाल्याच्या पोराने मला गोष्ट शिकवायची गरज नाही. तू तुझ्या संज्ञा संभाळ." तिथे माझे वडील होते, आणखी चारजण होते. यासीनचा हात खिशावरून खाली आला. "बरं, राव," म्हणाला आणि आला तसा गेला.

पेपरात म्हाताऱ्याच्या स्वभावचित्रणाचा प्रश्न आला, त्याला पर्यायही नव्हता. म्हातारा किती व्यवहारी, किती धूर्त, गिऱ्हाईक कसं हेरतो, यावर मी दोन पानं लिहिली. निबंध आणि संज्ञांची उत्तरं तर यासीनच्या कृपेने झकास गेली होती. फाटकाबाहेर पोरं बोलत होती. एकजण म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचं खरं बोलणं हाच क्लायमॅक्स ना?" मी यासीनकडे बघितलं. तो आपल्या चपलेकडे बघत होता.

परतताना गाडीत मी एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं," तो म्हणाला. "पण मारुती, ऐक..."

मी ऐकलं नाही. गाडी दापोडीला थांबली होती, मी उतरलो आणि चालत घरी गेलो. जूनमध्ये निकाल लागला. यासीन पास झाला. मी इंग्रजीत गेलो, तेही थोडक्यात. वडिलांनी फावडं माझ्या पुढ्यात ठेवलं.

माझी तक्रार ती ही. पान त्याच्या हातात होतं. मी चुकीचा शेवट घेऊन परीक्षेला चाललोय हे त्याला दिसत होतं, आणि तो गप्प राहिला. पुढे मी जे काही केलं, स्वतःची भट्टी, मग ट्रक, मग काळेवाडीतलं हे दुकान आणि वरचं घर, ते त्या फावड्यापासून केलं. लोक कौतुक करतात. पण कुणी पदवीधर समोर बसून इंग्रजीत बोलू लागला की माझा आवाज आजही चढतो. मग मी त्याला भावात असा पिळतो की तो परत येत नाही.

चार वर्षं आम्ही बोललो नाही. मग मला पहिला जुना ट्रक घ्यायचा होता आणि यंत्रातलं खरं सांगेल असा माणूस माझ्या ओळखीत एकच होता. मी दुकानात जाऊन नुसतं म्हणालो, "चल." त्याने हात पुसले आणि आला. ट्रकखाली शिरून अर्ध्या तासाने बाहेर आला आणि मालकासमोरच सहा दोष मोजून दाखवले. तेव्हापासून खरेदीला मी त्याला नेत असे आणि विक्रीच्या वेळी लांब ठेवत असे, कारण तो माझ्या मालाचेही दोष सांगायचा. तोवर पदवी घेऊन तो एका कारखान्यात स्टोअरकीपर झाला होता. सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या दुकानात बसे. जुनी सायकल विकताना गिऱ्हाईकाने विचारायच्या आधीच हा म्हणे, "मागचं चाक जरा डुगडुगतं, बघून घ्या." मी म्हणायचो, "यासीन, तुझ्यासारखे चार दुकानदार झाले तर बाजार उठेल." तो हसायचा. साठ वर्षांत त्या गोष्टीचं नाव दोघांनीही काढलं नाही. एकदा मीच खडा टाकून पाहिला होता. म्हणालो, "घोडा घ्यायचा असता तरी तुलाच नेलं असतं." तो म्हणाला, "घोड्यातलं मला काही कळत नाही, राव." आणि चहा मागवला.

परवा नसीमचा पुन्हा फोन आला. "अब्बांच्या ट्रंकेत तुमच्या नावाचं काहीतरी आहे, काका." मी गेलो. तिने खाकी कव्हर घातलेलं ते अर्धं पुस्तक समोर ठेवलं. माझं अर्धं मी बरोबर नेलंच होतं. का नेलं ते सांगता येणार नाही. यासीनच्या अर्ध्याचं पहिलं पान उलटायला गेलो तर आत घडी केलेला एक फुलस्केप कागद निघाला. घडी शर्टाच्या खिशात मावेल एवढी. उलगडला. गोष्टीचं शेवटचं पान त्याने शाईने, एकही खाडाखोड न करता उतरवून काढलं होतं. वर लिहिलं होतं, 'मारुतीसाठी'. आणि खाली कठीण इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ, एकाखाली एक. माझं इंग्रजी कुठे अडकतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकूण एक तेच शब्द त्याने काढले होते.

त्या रविवारी भट्टीवर त्याचा हात खिशाकडे गेला होता.

नसीम चहा करायला आत गेली. मी कागद वाचला. म्हातारा टोपी काढतो आणि सांगतो, डाव्या पुढच्या पायात खोट आहे, थंडीत लंगडतो. सज्जन माणूस आभार मानून निघून जातो. म्हातारा घोड्यावर बसून घरी निघतो आणि चढ आल्यावर खाली उतरून त्याच्या बरोबरीने चालू लागतो. संपलं. अर्थ दिले होते म्हणून सगळं कळलं.

तक्रार मी मागे घेतलेली नाही, बदलली आहे. असा कागद घेऊन माझ्यासारख्या माणसाकडे आल्यावर एका शिवीने परत जायचं नसतं. तो माझ्या तोंडावर फेकून मारायचा असतो. गाडीत मी उतरत होतो तेव्हा हात धरून बसवायचं असतं. पण हे त्याच्या स्वभावात नव्हतं... आणि ऐकून घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. त्याने खोट सांगायला तोंड उघडलं होतं आणि त्याला गप्प मी केलं होतं, एवढं आता चारचौघांत लिहून टाकतो.

नसीम चहा घेऊन आली. मी चष्मा पुसत होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून जरा चढ्या आवाजात म्हणालो, "काहीही म्हण, पोरी, गोष्ट म्हणून माझा शेवट जास्त चालला असता."

तिने कप माझ्याकडे सरकवला.

"बरं, काका," ती म्हणाली.