आयसेलिनची खोली आणि मावशीचा माईक

२००४ साली मी न्यू जर्सीत एम.एस. करत होते. विद्यापीठातली एक मैत्रीण समाजशास्त्रात पीएचडी करत होती. ती काळी, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन होती, तिथलीच, बोलायला मोकळी. दोघींनी मिळून जागा घ्यायचं ठरवलं. आयसेलिन ह्या जवळच्या भारतीय वस्तीच्या गावात एका मराठी काकूंच्या घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. फोनवर मराठी ऐकून काकू खूश झाल्या. "ये गं, लगेच बघून जा."

दार उघडल्यावर त्यांचं लक्ष आधी माझ्या मैत्रिणीकडे गेलं. आम्हाला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग त्या माझ्याशी फक्त मराठीत बोलू लागल्या.

"तुला देते, पण हिला नको."

"का काकू?"

"अगं, शेजारी काय म्हणतील? असे लोक राहायला आले की घराची व्हॅल्यू पडते. मी काही वाईट नाही म्हणत कुणाला. तू आपली आहेस म्हणून सांगते."

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिला एक शब्द कळत नव्हता, तरी सगळं कळत होतं.

मी म्हटलं, "काकू, मी नागपूरची बौद्ध आहे."

काकूंचा हात पदराशी गेला. "अच्छा. म्हणजे तसं काही नाही. ह्यांना विचारून सांगते हं."

आम्ही उठलो. गाडीत बसल्यावर मी तिला सगळं इंग्रजीत सांगितलं, माझ्या वाट्याचंही. तिनं गाडी सुरूच केली नाही. "व्हॅल्यू पडते," ती हळूच म्हणाली. "माझ्या आजीला हेच ऐकवलं होतं, अगदी ह्याच शब्दांत. ती बाई गोरी होती, एवढाच फरक."

मग ती मला तिच्या मावशीकडे घेऊन गेली. मावशी नेवार्कला राहायची. वरची खोली रिकामी होती, आम्ही दोघी तिथेच राहिलो. मीही तिला 'मावशी' म्हणू लागले, मराठीतच, आणि तिला तो शब्द फार आवडला. त्या भागात धड किराणा दुकान नव्हतं, भाजीसाठी दोन बस बदलाव्या लागत. मला वाटायचं, इथल्या लोकांनाच काही पडलेली नाही. मावशीनं एकदा भांडी विसळता विसळता सांगितलं, "आमच्या वडलांच्या काळात काळ्यांची वस्ती म्हणून बँका ह्या रस्त्यावरच्या घरांना कर्जच देत नव्हत्या. ज्यांना जमलं ते दुसरीकडे गेले, दुकानंही गेली. आता तेच बँकवाले म्हणतात, बघा, ह्यांना घरं नीट ठेवता येत नाहीत." नागपूरला आमच्या वस्तीत नळ सगळ्यात शेवटी आला होता, आणि अस्वच्छ म्हणून नावं मात्र आम्हालाच ठेवली जात. तिच्या बोलण्यानं ते सगळं माझ्यासमोर उभं राहिलं.

त्या उन्हाळ्यात पोलिसांनी शेजारच्या एका मुलाला विनाकारण गाडीतून उतरवून मारलं. चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. पुढे बोलायला सगळे पुरुष, आणि स्वयंपाकघरात आम्ही बायका. मी कोबी चिरत होते. एक वक्ता म्हणाला, आपले मुलगे सुरक्षित नाहीत, आपल्या मुलग्यांसाठी लढू. मावशीनं हात पुसले आणि एप्रनसकट पुढे जाऊन माईक मागितला. कुणीतरी म्हणालं, "सिस्टर, नंतर."

"नंतर कधी?" मावशी म्हणाली. "माझ्या भाचीलाही पोलिसांनी रस्त्यात उभं करून तिची झडती घेतली. तिची सभा कधी झाली? आम्ही काळ्या आहोत आणि बायका आहोत, दोन्ही एकाच वेळी. आम्हाला सोडून तुम्ही मोकळे होणार नाही."

माझी मैत्रीण खाली मान घालून उभी होती. हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी सुरी ठेवली आणि तिचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "मावशी म्हणाली त्याला विद्यापीठात मोठा शब्द आहे, इंटरसेक्शनॅलिटी. मावशीला तो माहीत नाही."

सभेनं त्या दिवशी माझ्या मैत्रिणीचीही तक्रार लिहून घेतली. पुढच्या सभेत दोन बायका पुढे बसल्या. पोलिसांवर मात्र पुढे काहीच कारवाई झाली नाही.

रविवारी मी आईला फोनवर हे सांगितलं. आई वस्तीतल्या मोर्चांना कायम जायची. घोषणा तिच्या, भाकऱ्या तिच्या, भाषणं दुसऱ्यांची. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीपण बोलायला उठले होते एकदा, तू लहान होतीस. पुढारी म्हणाले, आधी समाजाचं बघू, बायकांचं नंतर."

"मग?"

"मग काय. बसले खाली." आणि तिनं विचारलं, "त्या बाईला बोलू दिलं ना शेवटपर्यंत?"

"दिलं," मी म्हटलं.