दत्तूचा चेंडू

दत्तू गेला. मला ते कॅनडाहून कळलं.

तो नेपानगरात, मी बुऱ्हाणपुरात. रेल्वेत बसलं की चहा थंड होईपर्यंत गाव येतं.

बातमी दिली त्याच्या तिकडे राहणाऱ्या भाच्याने, फेसबुकवर. हार घातलेला फोटो, खाली "मामा गेले".

तोवर नेपानगरात राखही सावडून झाली होती. मला खांदा द्यायचा होता. तेवढंच राहिलं होतं माझ्याकडून.

मी सातवीपर्यंत शिकलेला, चुकलं तर सांभाळून घ्या. नात टाईप करते आहे आणि सारखी "आजोबा, हळू" म्हणते.

छप्पन साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हा आम्ही मिसरूड फुटलेली पोरं. कालपर्यंत सगळं नागपूर, आता सगळं भोपाळ. त्या धांदलीत दत्तू पोलिसांच्या वायरलेसमध्ये लागला.

ट्रेनिंगहून सुट्टीवर आला की इतवारा मोहल्ल्यात आमच्या ओट्यावर शाळा भरवायचा. विद्यार्थी मी एकटा.

मी तेव्हाही घाबरट. ढग दिसला की वीज पडेल म्हणून रेडिओची एरियल उतरवून ठेवायचो.

तो म्हणायचा, "तू रेडिओ ऐकतो का त्याची राखण करतो?"

एकदा मी विचारलं, इथे रेडिओवर कोलंबो स्टेशन खणखणीत लागतं, मग तुझा सेट जवळच्या ठाण्याला का ऐकू जात नाही?

तो मला शाळेच्या रिकाम्या वर्गात घेऊन गेला. मधल्या बाकावर बसवलं. फळ्यापाशी उभा राहून रबरी चेंडू छताला मारला. चेंडू आपटून थेट शेवटच्या बाकावर पडला.

"तुले लागला का?"

"नाही."

"बस. हाच स्किप झोन."

मग समजावलं. उन्हाने खूप वर, हवेत, विजेचा एक थर तयार होतो. शॉर्टवेव्हची लाट त्याला आपटून लांब कुठेतरी खाली येते. जमिनीवरून जाणारी लाट डोंगरात लवकर थकते. मधल्या माणसाला दोन्ही मिळत नाहीत.

मला ते फार लागलं. म्हटलं, म्हणजे जवळच्याने काहीच ऐकायचं नाही?

"ऐकू येते ना. फ्रिक्वेन्सी खाली आणायची. मंग लाट उभी वर जाते अन् जवळच उतरते. पण मुद्दाम आणावी लागते, भाऊ."

काल त्याच्या मुलाला, सतीशला, फोन केला. फोनवर रडला बिचारा.

"काका, तुम्ही इतके जवळचे. मले वाटलं, तुम्हाले कोणी आधीच सांगितलं असन."

त्याला काय बोलू? सगळ्यांना तसंच वाटलं. म्हणून कोणीच सांगितलं नाही.

तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. माझ्या वेळीही हेच होणार. मुलगा पुण्याला, तो आधी ग्रुपवर टाकेल. समोरच्या घरातले म्हातारे ग्रुपवर नाहीत.

म्हणून इथे फेसबुकवर सगळ्यांसमोर सांगून ठेवतो. माझं झालं की आधी गल्लीत जा. दाराची कडी वाजवा. तोंडाने सांगा.

मग पुणे. मग कॅनडा.

नात टाईप करता करता थांबली होती. तिला म्हटलं, लिही बाई, हे राहायला नको.

दत्तू, चेंडू डोक्यावरून गेला रे.

मी मधल्या बाकावरच बसलो होतो.

इथूनच हात जोडतो.