किरकोळ पाण्याची गोष्ट

आमची मावशी भाजीची रोपं विकते. घरामागच्या ओढ्याकाठी तिचे वाफे आहेत. उन्हाळ्यात ओढा बारीक झाला की ती वाळूत गुडघाभर खड्डा खणते, पाझरलेलं पाणी झारीत भरते आणि वाफ्यांना घालते. पाइप लावू म्हटलं तर अंगावर येते. "धारेनं कोवळी रोपं आडवी होतात, अक्कल आहे का?" असल्या किरकोळ वापराला परवानगी लागत नाही, हे तिला पाणीखात्याच्या साहेबांनीच सांगितलेलं.

हेच शेजारच्या बंगलेवाल्याला समजलं आणि ओढ्याचे दिवस फिरले. त्याला पोहायला तलाव हवा होता. मोठ्या पंपाला परवानगी लागते. म्हणून पठ्ठ्यानं जमिनीचे तुकडे पाडले. एक बायकोच्या नावावर, एक मेव्हण्याच्या, एक सासूच्या, एक चक्क पाळण्यातल्या नातवाच्या! प्रत्येक तुकड्यावर एक बारका पंप, आणि सगळ्यांचं पाणी त्या एकाच तलावात. माझं तर डोकंच फिरलं.

ओढा आटला. रोपं ऐन लावणीवर आली होती, आणखी आठवडाभर पाणी मिळालं असतं तर मावशीचं वर्ष निभावलं असतं. ती खड्डा खोल करत गेली. कंबरेपर्यंत आत उतरून वाटीनं पाणी उपसू लागली. मी साहेबांकडे तक्रार केली.

साहेब आले. आधी पंप पाहिले. "प्रत्येक पंप किरकोळ आहे. परवानगीची गरज नाही."

"अहो, पण सगळे मिळून?" मी ओरडलेच.

"सगळे मिळून असं नियमात नाही."

मग ते टेप घेऊन मावशीच्या खड्ड्याशी वाकले. "बाई, हा फार खोल झालाय. याला परवानगी लागेल. तोवर बुजवून टाका."

माझ्या तोंडाला आलेलं इथे लिहिता येणार नाही. चिखलाचे हात पदराला पुसून मावशी वर आली. वाफ्यांवर माना टाकलेली रोपं तिनं एकदा पाहिली.

ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी कपाळ पुसलं. "जरा प्यायला पाणी मिळेल का?"

मावशीनं पलीकडे निळ्याशार तलावाकडे बोट केलं.

"तिकडे जा, साहेब. तिकडे परवानगी लागत नाही."