वेल्ह्याला नेलेला प्रोग्राम

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी प्रोग्रामर होते. भोंगवलीच्या शेतकरी घरातली मुलगी कॉम्प्युटरवर नक्की काय करते, हे घरी कुणालाच सांगता येत नसे. मीही कधी नीट सांगितलं नाही.

संस्थेत युनिक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारं एक यंत्र होतं. टर्मिनलवर कमांड टाइप करून चालवायचे छोटे छोटे प्रोग्राम आमच्या सरांनी त्यावर लिहिले होते. एक ओळी क्रमाने लावणारा, एक दोन फायलींतला फरक दाखवणारा, एक पावसाच्या नोंदींतून हव्या तेवढ्याच ओळी उचलणारा, असे अठ्ठावीस. सर वेल्ह्याजवळचे, तोरण्याच्या पायथ्याच्या गावचे. प्रोग्राम लिहायला मला त्यांनीच शिकवलं. चुकलं तर रागवत नसत. खुर्ची मागे ओढून म्हणत, "आता तू मशीन हो आणि वाच."

मग नवं यंत्र आलं. त्याची सिस्टीम युनिक्ससारखी, पण युनिक्स नव्हे. कमांडची नावं तीच, आतलं सगळं निराळं. सरांनी आणि मी मिळून सगळे प्रोग्राम तिकडे न्यायचं ठरलं. त्यासाठी तीन महिने होते, मग जुनं यंत्र उचलून नेणार होते.

पहिल्याच आठवड्यात सरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्यातून सोडल्यावर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यांना गावी घेऊन गेल्या.

मी एकटीने सुरुवात केली. पहिला प्रोग्राम नव्या यंत्रावर चढवला तर तो थांबेचना. फाइल संपली की खूण म्हणून उणे एक येतो. जुनं यंत्र तो उणेच ठेवायचं, नवं मात्र त्याचे दोनशे पंचावन्न करायचं. त्यामुळे फाइल संपल्याचं प्रोग्रामला कळायचंच नाही. हे माझ्या लक्षात यायला नऊ दिवस गेले. त्यानंतर असं काही ना काही प्रत्येक प्रोग्राममध्ये निघत गेलं.

सगळ्यात अडला तो क्रम लावणारा. त्यात एका जागी सरांनी सदतीस मिळवले होते. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. तो आकडा ठेवला तर ओळी उलटसुलट येत, काढला तर काही ओळी गळून जात. महिना उलटला. शेवटी लिस्टिंगचे, म्हणजे प्रोग्राम ओळीने छापलेले, कागद पिशवीत घालून एका रविवारी मी वेल्ह्याची एसटी धरली. पुढे गावापर्यंत चालत गेले.

सर ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"लई बरं केलं आलात," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्याशी कुणी कामाचं बोलतच न्हाई आता."

त्या शब्दांनी मला धीर आला. मी लांबलचक कागद त्यांच्या मांडीवर पसरला. "सर, हे सदतीस कशासाठी आहेत?"

ते बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी त्या आकड्याच्या तीन ओळी वर बोट टेकवलं.

"ही ओळ बदलायची?"

त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा तिथेच बोट आपटलं. तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. कागदावर एक वेडीवाकडी रेघ उमटली, दुसरी तिच्यावरून गेली. आकडा होईना, अक्षर होईना. त्यांनी पेन्सिल अंगणात भिरकावली आणि तोंड उघडं टाकून रडायला लागले.

मी घाईघाईने कागद गोळा केले. वहिनींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. मला एसटीच्या वाटेला लावताना त्या हळूच म्हणाल्या, "समदं कळतंय वो त्यांना. त्येच तर वाईट हाय."

पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. या वेळी कागद नेले नव्हते. सरांनी माझ्या पिशवीकडे हात केला. मी म्हणाले, "सुटलं सर ते. चालतोय प्रोग्राम."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी निघेपर्यंत ते वळले नाहीत.

जुनं यंत्र ठरल्याप्रमाणे गेलं. तोवर एकोणीस प्रोग्राम चालते झाले होते. क्रम लावणारा झालाच नाही. मग नव्या सिस्टीमची पुढची आवृत्ती टेपवर आली आणि त्या एकोणिसांतलेही निम्मे बंद पडले. विभागप्रमुख म्हणाले, "सोडा आता. सिस्टीमबरोबर जे आलंय तेच वापरू." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी जागेवर येऊन बसले. टर्मिनल समोर सुरू होतं आणि टाइप करावं असं काही उरलं नव्हतं.

सर गेल्याचं पत्र मला उशिरा मिळालं. मी पोचले तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता त्यांनी विचारलं, "त्यांनी केल्यालं तिकडं चालू हाय न्हवं?"

पुन्हा खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. "नाही वहिनी. सगळं बंद झालं."

त्यांचे हात थांबले. "मग येवढं कशापायी झिजलं वो ते?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. सूप पुढे ओढून त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या.