कोणता हात गेला

"पडद्यामांगून पाह्यला का वं तुनं शिनेमा?"

कुसुमनं विचारलं. आधी साधंच विचारलं. मग आपलं उत्तर आपल्यालाच सापडल्यासारखं तिनं विमलकडे पाहिलं, आणि दोघी हसायला लागल्या. कुसुम तर हसता हसता निंबाच्या बुंध्याला टेकली. मी त्यांच्यासमोर उभी. माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. देवळीच्या शाळेत, आठवीत. आमच्या वस्तीतून शाळेत टिकलेली मुलगी मी एकटीच. बाकीच्या चौथीआधीच कापूस वेचणीला गेल्या. माझा बा जिनात कामाला होता, कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर. त्यानं हट्टानं मला शाळेत ठेवलं.

कुसुम माझी मैत्रीण. मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, घरी गडीमाणसं, दोन बैलजोड्या. तिचा मामा नागपूरहून येताना तिच्यासाठी कादंबऱ्या आणायचा. विमल आमच्या शाळेतल्या एका गुरुजींची मुलगी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिघी शाळेमागच्या निंबाखाली बसायचो. पुस्तक आधी कुसुम वाचायची, मग विमल, मग मी. तिघींचं वाचून झालं की मतं. नायिका कशी वाटली, शेवट पटला का, लेखकानं कुठं फसवलं. कुसुम नेहमी म्हणायची, मले लई रडू आलं. विमल भाषेबद्दल बोलायची. माझं मत शेवटी.

"हिचं ऐकून घेऊ, मग आपलं ठरवू," असं विमल म्हणायची.

त्या एका वाक्यावर मी आठवडा काढायचे. घरी चूल फुंकताना, शेणाच्या गोवऱ्या थापताना मी मनात मत जुळवत असायचे. वस्तीत मला कुणी काही विचारत नव्हतं, वर्गात तर नाहीच. निंबाखाली विचारायचे. माझ्या बोलण्यावर दोन मुली गप्प राहून ऐकायच्या. मला दुसरं काही नको होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. कुसुम मला पुस्तक हातात देत नसे. निंबाखाली एक चपटा दगड होता. ती त्यावर पुस्तक ठेवायची, दोन पावलं मागं सरकायची, मग मी उचलायचे. परत देतानाही तसंच. मी दगडावर ठेवायचे, मागं सरायचे, ती घ्यायची. मला त्यात काही वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू, बरंच वाटायचं. दुसरं कुणी त्या दगडापर्यंतही येऊ देत नव्हतं.

त्या हिवाळ्यात बाजाराच्या मैदानात टॉकीजचा तंबू लागला. कुसुम म्हणाली, आता आपण शिनेमाचीही मतं सांगू. शुक्रवारी तिघींनी पाहायचा, शनिवारी बोलायचं. मी घरी जाऊन बाच्या मागं लागले. मी तोवर एकही शिनेमा पाहिला नव्हता. बा हो म्हणाला.

तंबूत मधोमध पडदा टांगलेला. समोरच्या बाजूला लोकांसाठी सतरंज्या, दोरी बांधून बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. पडद्याच्या मागं आम्ही, उघड्या मातीवर. समोरची मंडळी बसली, दिवे गेले, चित्र सुरू झालं की मगच तंबूवाला आम्हाला मागच्या कनातीतून आत सोडायचा. त्यामुळे सुरुवातीची नावं मला दिसलीच नाहीत. मी म्हटलं, असू दे. कापड तेच, उजेड तोच, आवाज तोच. शिनेमातल्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर होता. मला वाटलं, गुजराथ्यांची गोष्ट असेल. बाच्या मांडीला मांडी लावून मी पाहिलं, पापणी न लववता.

गोष्ट अशी. एक तरुण गिरणीत कामाला लागतो. यंत्रात त्याचा हात जातो. तो घर सोडून निघतो, त्याची बायको दारात उभी राहते. संपलं. समोरच्या बाजूनं हुंदके ऐकू येत होते. मी रडले नाही. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि राग का आला ते सांगायला मी शनिवारची वाट पाहत होते.

शनिवारी कुसुम म्हणाली, "मले तं लई रडू आलं. तू दिसली नाई वं काल?"

"होती ना. पडद्यापाशी होती," मी म्हटलं.

विमल संगीताबद्दल बोलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग आता."

मी रात्रभर जुळवलेलं सांगितलं. म्हटलं, मले तो माणूस पटला नाई. डावा हात गेला, उजवा शाबूत हाय. उजव्या हातानं काय नाई करता येत? माह्या बाची दोन बोटं जिनात चेंदली, तिसऱ्या दिवशी तो कामावर होता. घर सोडून काऊन जाते तो? ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं यंत्र लांबूनच पाह्यलं असन.

"डावा नाही, उजवा," विमल म्हणाली. "उजवा गेला म्हणून तर सगळं दुःख आहे."

"डावा गेला. मी नीट पाह्यलं."

"उजवा वं!" कुसुम म्हणाली.

मी हट्टाला पेटले. माझं मत आजवर कधी चुकलं नव्हतं. म्हटलं, बा शेजारी होता, पडदा माझ्यापासून दहा हातांवर होता, मी सांगते ना तुम्हाला, त्या बायकांचा पदरसुद्धा...

आणि तेव्हा कुसुमनं ते विचारलं.

हसणं थांबल्यावर ती डोळे पुसत, मायेनं म्हणाली. तेच मला आजही सोसत नाही, की तिनं मायेनं म्हटलं. "पुस्तकाचं ठीक हाय. पण शिनेमाचं तू नको सांगत जाऊ बाप्पा. तुमाले उलटं दिसते."

तुले नाही, तुमाले. तीन वर्षं मी तिच्यासाठी तू होते. त्या क्षणी मी तुमी झाले.

 पुढं विमलनं मला कधी मत विचारलं नाही.

सोमवारी वर्गात सगळ्यांना कळलेलं होतं. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "फळ्यावरचं सुलटं दिसते ना वं तुले?" वर्ग हसला. गुरुजी फळ्याकडे तोंड करून होते. त्यांचे खांदे हलत होते.

घरी आले तर बा अंगावरचा कापूस झटकत होता. मी विचारलं, "बा, त्या माणसाचा कोणता हात गेला?"

"उजवा."

"मले तं डावा दिसला."

"आपल्याले उलटंच दिसते, पोरी," बा म्हणाला. "मी मनातल्या मनात सुलटं करून घेतो. सवय होते."

एवढं बोलून तो हात धुवायला गेला. मी तिथंच बसले आणि रडले. शिनेमात आलं नव्हतं ते सगळं रडू तेव्हा आलं. कुसुमसाठी रडले, निंबासाठी रडले, पण सगळ्यात जास्त बासाठी. माझा बा किती वर्षं हे करत होता? शिव्या ऐकायच्या आणि सुलट्या करून घ्यायच्या. वरून ओतलेलं पाणी प्यायचं आणि सुलटं करून घ्यायचं. आणि मी काय वेगळं केलं होतं? दगडाला मी मैत्री म्हणत होते.

कुसुमची एक कादंबरी तेव्हा माझ्याकडे होती. शनिवारी मी ती घेऊन निंबाखाली गेले. विमल आली नव्हती. कुसुम दगडाच्या पलीकडे उभी होती.

"ठेव," ती म्हणाली.

मी पुस्तक पुढं केलं. "हातात घे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहरा उतरला तिचा. "असं काऊन करून राह्यली? ठेव ना तिथं."

"हातात घे."

"माय मारन मले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं ते. तिचा हात थोडा उचलला गेला, हे मी पाहिलं. ओढणीपर्यंत आला, आणि तिनं त्या हातानं ओढणी सारखी केली. मी तशीच उभी. हात भरून आला, तरी मी पुस्तक खाली केलं नाही. शेवटी ती वळली आणि पळत घराकडे गेली. माझी जिवाभावाची मैत्रीण. मी तिला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मालकानं पुस्तक मागितलंय, म्हणाला. बा घरीच होता. कुसुमच्या वडिलांचा कापूस त्याच जिनात जायचा, त्यांच्या एका शब्दावर बाचं काम गेलं असतं. मला हे माहीत होतं. गड्यालाही होतं.

मी म्हटलं, "कुसुमले पाठवा. तिच्या हातात देतो."

गड्यानं बाकडे पाहिलं. मीही पाहिलं. बा आपल्या चेंदलेल्या बोटांकडे बघत होता. वाटलं, आता हा म्हणेल, दे पोरी, देऊन टाक. हेही तो सुलटं करून घेईल.

"पोरीनं सांगतलं ते सांगा मालकाले," बा म्हणाला.

महिन्याभरात त्याचं काम गेलं. मग तो वर्ध्याला स्टेशनात हमाली करू लागला. मी शाळा सोडली नाही. निंबाखाली मात्र पुन्हा गेले नाही, आणि आमच्या घरातलं कुणी पुन्हा पडद्यामागं बसलं नाही. पुढं वस्तीनंच दीक्षा घेतली, घरातले देव्हारे उतरवले, तंबूवाल्याला सांगून टाकलं की बसू तर समोर बसू. हे ज्या सभेत ठरलं तिथं बोलायला मी उभी राहिले होते. माझं मत मी शेवटी सांगितलं नाही, सगळ्यांत आधी सांगितलं.

पुस्तक घ्यायला कुसुम आली नाही. तिचं लग्न झालं, ती गेली. मला तिची अजून आठवण येते. पण आठवण आली म्हणून मी नमायची नाही.

कुसुम, तुझं पुस्तक माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडलीत, पण एकही फाटलेलं नाही. ये आणि हात पुढं कर. डावा कर, उजवा कर. दगडावर मी ते ठेवणार नाही.